टॅरोच्या पानात क्रियापद हवं

प्रश्न विचारणाऱ्या ताई कोल्हापूरच्या आहेत, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. त्यांची मैत्रीण टॅरो, म्हणजे भविष्यासाठी वाचायची चित्रांची पानं, शिकवते. दोघी मिळून अगदी नवशिक्यांसाठी मराठी डेक, म्हणजे पानांचा अख्खा संच, काढायच्या विचारात आहेत. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत: ७८ पैकी नुसती २२ मोठी पानं काढली तर चालेल का, पानावरच अर्थाचे शब्द छापावेत का, चित्रं आपल्या मातीतली करताना काय सांभाळायचं, आणि छपाईचं काय.

मी एकोणीस वर्षं टॅरो शिकवते आहे आणि तीन डेक स्वतः काढून छापून घेतलेत. त्यातला पहिला साफ फसला. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या फसलेल्या डेकचं देणं आहे. पत्ते भविष्य सांगतात की नाही या वादात मी इथं शिरत नाही. अनोळखी माणसानं पान हातात घेतलं आणि त्याला बोलावंसं वाटलं, अशी ७८ चित्रं काढणं हे चित्रकाराचं काम आहे आणि ते अवघड आहे, एवढं तरी न मानणाऱ्यालाही मान्य व्हावं.

आधी २२ की ७८. पूर्ण डेकमध्ये भोळा, मृत्यू, सूर्य अशा नावांची २२ मोठी पानं असतात, आणि काठी, प्याला, तलवार, नाणं या चार रंगांची ५६. बावीस पानांचा डेक देखणा होतो, लवकर होतो, आणि नवशिक्याच्या फारसा कामाचा नसतो. समजा समोरची बाई विचारतेय, "नव्या ऑफिसात जीव रमत नाही, काय करू?" आणि तुमच्याकडे उत्तराला न्याय, मृत्यू, सूर्य, जग एवढंच आहे. प्रत्येक पान नगारा वाजवत येतं. माणसाचं रोजचं जगणं त्या उरलेल्या ५६ पानांत असतं: उसनवारी, भाऊबंदकी, रात्री तीनला उडालेली झोप, शिकाऊ कारागिराचं चुकतमाकत चाललेलं काम. मैत्रिणीच्या वर्गात हेच प्रश्न येणार आहेत. बावीस काढायचीच असतील तर खुशाल काढा, भिंतीवर लावायला छान दिसतील, पण वर 'नवशिक्यांसाठी' असं लिहू नका.

आणि त्या ५६ मध्ये खरी परीक्षा ४० आकडी पानांची, म्हणजे एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. मोठ्या पानांचं चित्र परंपरेनंच ठरून आलेलं असतं. मनोरा म्हटलं की वीज पडणार, माणसं खाली कोसळणार. पण 'सहा तलवारी' म्हणजे काढायचं काय?

इथं थोडा इतिहास लागतो. टॅरो जन्मला तो निव्वळ खेळायचा पत्ता म्हणून, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हातानं रंगवलेली, सोन्याचा वर्ख लावलेली पानं आजही संग्रहालयांत आहेत. भविष्यकथनाशी त्याचं नातं ठळकपणे जुळलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितांनी ही पानं प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे असं छापून टाकलं. पुरावा काही नव्हता, पण कल्पना अशी चिकटली की अजून निघत नाही. या सगळ्या काळात मार्सेय या फ्रेंच शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या डेकमध्ये सहा तलवारींचं पान म्हणजे नक्षीत गुंफलेल्या सहा तलवारी, बस्स. आपल्या बदाम छक्कीवर सहा बदाम असतात तसं. खेळायला तेवढं पुरेसं होतं. वाचणाऱ्याला मात्र अर्थ पाठ करावा लागे.

हे बदललं १९०९ मध्ये लंडनला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांनी डेक योजला, विल्यम रायडर यांच्या प्रकाशनानं तो काढला आणि चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी. स्मिथबाईंनी आकडी पानांवरही माणसं आणली, त्यांना काहीतरी करायला लावलं. अगदी पहिल्यांदाच असं झालं असं नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरचा सोला बुस्का नावाचा इटालियन डेक आहे, त्यातही आकडी पानं सचित्र आहेत, आणि तीन तलवारींनी विंधलेलं काळीज दोन्हीकडे शेजारी ठेवून पाहिलं तर साम्य डोळ्यात भरतं. पण घराघरांत पोहोचला तो स्मिथबाईंचा. त्या वर्षी त्यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना पत्रात कळवलं की एक मोठं काम नुकतंच हातावेगळं केलं, पैसे मात्र फार थोडे मिळाले. डेक काढणाऱ्या प्रत्येकीनं हे ओळीनं ओळ लक्षात ठेवावं, पैशाच्या बाबतीत अजून फारसं काही बदललेलं नाही.

आता त्यांचं पाच नाण्यांचं पान घ्या. बर्फ पडतोय. एक बाई अनवाणी, अंगावर फाटकी शाल. मागे कुबड्यांवर एक माणूस, गळ्यात घंटा. त्यांच्या पाठीमागे चर्चची रंगीत काचेची खिडकी आतून उजळलेली, पाचही नाणी त्या काचेतच आहेत. दोघं तिकडे बघत नाहीत. आणि चित्रात कुठेही दार दिसत नाही. हे पान टॅरोचा ट सुद्धा माहीत नसलेल्या माणसापुढे ठेवा, तो बोलायला लागतो. "आत का जात नाहीत?" "दार कुठंय?" "त्यांना कुणी बोलावलं नाही वाटतं." यातलं प्रत्येक वाक्य वाचनच आहे. पुस्तक उघडावं लागलं नाही.

माझ्या पहिल्या डेकमध्ये याच पानावर मी पैठणीच्या पदरासारखी वेलबुट्टी काढली होती, मोर काढले होते, आणि मधे पाच सोन्याची नाणी. चार दिवस खपले होते त्या एका पानावर. वर्गात एका मुलीनं ते उचललं, बघितलं, म्हणाली, "छान आहे." आणि खाली ठेवलं. टॅरोच्या पानाला मिळू शकणारा याहून वाईट शेरा मला माहीत नाही.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: चित्राचं वर्णन करताना तोंडातून पहिल्यांदा नाम येतं की क्रियापद? "पाच नाणी, मोर" असं आलं तर पान गेलं. "चाललेत", "लपवतोय", "वाट बघतेय" असं आलं तर जगलं. स्मिथबाईंच्या सात तलवारींत एक माणूस छावणीतून चवड्यांवर पाच तलवारी उचलून पळतोय, मागे वळून बघतोय, दोन तलवारी तिथंच रोवलेल्या राहिल्यात. आठ प्याल्यांत माणूस पाठमोरा निघून चाललाय, रचलेल्या प्याल्यांच्या वरच्या रांगेत एकाची जागा मोकळी आहे. सहा तलवारींत नावाडी होडी नेतोय, पुढ्यात डोक्यावरून पांघरूण घेतलेली बाई आणि मूल, दोघांची पाठ आपल्याकडे. होडीच्या एका बाजूचं पाणी खळाळतंय, दुसऱ्या बाजूचं निवांत आहे. अर्थ सांगायची गरजच उरत नाही.

हे त्यांना जमलं याचं एक कारण रंगभूमी असावं असं मला वाटतं. त्या लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर वावरलेल्या होत्या, खेळण्यातल्या छोट्या रंगमंचासाठी पात्रं कापून रंगवत. त्यांची कितीतरी पानं नीट पाहा: माणसाच्या मागे एक सपाट आडवी रेघ जाते, जणू रंगमंचाची कड, आणि तिच्या पलीकडचं गाव म्हणजे पडदा. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही अंगविक्षेपावरून कळलं पाहिजे की नट रडतोय की हसतोय. ७० बाय १२० मिलिमीटरच्या पानालाही तेच लागू. डोळ्यातला भाव तिथं कुणाला दिसणार नाही, वाकलेली पाठ दिसेल. दहा काठ्यांच्या पानात तर त्यांनी चेहराच दाखवलेला नाही, सगळा भार पाठीवर.

तुम्ही मुलांच्या पुस्तकांसाठी काढता, म्हणजे हे तुमच्या हातात आधीपासूनच आहे. डेकसाठी म्हणून उगाच गूढ, धूसर, चंद्रकोरी-बिंद्रकोरी काढायला जाऊ नका.

चाचणी अशी घ्या. कच्ची चित्रं खऱ्या मापात छापा, नावं-आकडे झाका, आणि टॅरो न येणाऱ्या दहा-बारा जणांना दाखवा. त्यात एखादी आजी, एखादा रिक्षावाला, दहावीतलं एखादं पोर असू द्या. "याचा अर्थ काय?" हे कधीही विचारू नका, माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. विचारा, "इथं काय चाललंय?" आणि जे क्रियापद येईल ते तसंच्या तसं वहीत लिहा. बाराजणांनी बारा वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर चित्र मोघम आहे. सगळ्यांनी एकच सांगितली पण तुमच्या मनातल्यापेक्षा भलतीच, तर मग खरी गंमत सुरू होते. इथंच तुमचा तिसरा प्रश्न येतो.

आपल्या मातीतलं करायचं म्हणजे चर्चच्या जागी देऊळ आणि झग्याच्या जागी नऊवारी, असं करून भागत नाही. दुसऱ्या डेकमध्ये मी बर्फाच्या जागी पाऊस आणला. सरळ वाटलं होतं. तिकडे बर्फ, इकडे मुसळधार पाऊस, भिजलेली दोन माणसं, मागे उजेडाची खिडकी. दाखवलं तर एक मुलगा म्हणाला, "ट्रेकला निघालेत." दुसरी म्हणाली, "मस्त! पुढं भजी खातील." चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे पाऊस म्हणजे हाल हा अर्थ आपोआप येत नाही, उलट जीव निवतो. मग मी ते पान मे महिन्यातल्या भर दुपारवर नेलं. डांबरी रस्ता, तुटलेली चप्पल हातात धरून चाललेली बाई, मागे एक म्हातारा, आणि त्यांच्या पाठीशी बंद फाटकाच्या गजांतून दिसणारा सावलीतला माठ. एकानंही वेगळं काही सांगितलं नाही: "चटके बसतायत."

पाच प्याल्यांच्या पानानं तर मला पुरतं गंडवलं. मूळ चित्रात काळ्या झग्यातला माणूस खाली मान घालून तीन सांडलेल्या प्याल्यांकडे बघतोय, मागे दोन उभे आहेत ते त्याला दिसत नाहीत. मी प्याल्यांचे तांब्याचे कलश केले, उंबऱ्यापाशी तीन लवंडलेले, तांदूळ पसरलेले, आणि शेजारी एक बाई. आमच्या शेजारच्या आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि प्रसन्न होऊन म्हणाल्या, "सून घरात आली वाटतं." माप ओलांडणं! उंबऱ्यावरचं लवंडलेलं भांडं आणि सांडलेले तांदूळ हे ज्या समाजात गृहप्रवेशाचं चिन्ह आहे तिथं मी ते शोकाचं म्हणून काढलं होतं, आणि स्वतः माप ओलांडून आलेली असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता त्या पानावर दुधाची पातेली आहेत.

घुबडाचंही तसंच. इंग्रजी पुस्तकांतून शहाणपणाचं म्हणून उचलाल आणि वर्गातली अर्धी माणसं पान हातात घ्यायला कचरतील. भोळ्याच्या ('द फूल') पानावरचा कुत्रा, काठी आणि खांद्यावरचं गाठोडं बघून लोकांना दत्ताची आठवण येते. मी शेवटी माणूसच बदलला. संक्रांतीचा पतंग उडवणारं पोर, नजर आभाळात, एकेक पाऊल मागं टाकतंय, आणि मागे कठडा नसलेली विहीर. कुत्रा त्याची चड्डी धरून ओढतोय. मार्सेयच्या जुन्या पानांतही तो प्राणी असाच मागून मांडीशी झोंबताना दिसतो, त्यामुळे परंपरेलाही फार धक्का लागला नाही. कड्याचा विहिरीत बदल झाला तरी त्या पानातला आनंद आणि धोका दोन्ही एकाच वेळी राहिले, हे मला त्या डेकमधलं सगळ्यात जमलेलं काम वाटतं.

देवदेवतांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. मृत्यूच्या जागी काली, सैतानाच्या जागी शनी असले डेक बघितलेत. लोक दुखावतात हे एक कारण झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. गणपतीचं चित्र समोर आलं की माणूस हात जोडतो. हात जोडले की "हा काय करतोय?" हा प्रश्नच संपतो, आणि पान मुकं होतं.

नावांचा घोळ वेगळाच. 'द फूल'चं शब्दशः 'मूर्ख' छापलं की पहिलंच पान आलेली बाई म्हणते, "मला मूर्ख म्हणतंय." 'वेडा' नको, 'भोळा' चालतं. हायरोफंटला, म्हणजे धर्मगुरूच्या पानाला, मी 'आचार्य' म्हणते, टेम्परन्सला 'मेळ', कारण 'संयम' म्हटलं की लोकांना उपास आठवतो आणि चित्रातली देवदूत तर दोन पेल्यांतलं पाणी एकत्र करतेय. मृत्यूला मात्र मृत्यूच म्हणा. 'परिवर्तन' असं गुळमुळीत नाव दिलेले डेक मला आवडत नाहीत. स्मिथबाईंच्या त्या पानात राजा घोड्यापुढे आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक लहान मूल फुलं घेऊन वर बघतंय आणि लांब दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. धीर द्यायचं काम चित्र करतंय, नावानं खोटं बोलायची गरज नाही.

चार रंगांची नावं आम्ही काठी, प्याला, तलवार, नाणं अशी ठेवली. मराठी माणसाला सोय अशी की किलवर, बदाम, इस्पिक, चौकट याच क्रमानं ती जुळवून सांगता येतात. पत्ते खेळलेल्या माणसाला 'तलवार छक्की' म्हटलं की तो निम्मा घाबरायचा थांबतो. आणि रंग म्हणजे खरोखरच रंग वापरा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे आपल्याकडचे जुने पत्ते, पाहिली असेल तर लक्षात येईल: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०, गोल, लाखेचा लेप दिलेली, आणि प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे मागचा रंग, वेगळी. मासा की कासव हे दिसायच्या आधीच जमीन सांगते की पान कुणाचं. नवशिक्याला हीच मदत हवी असते. चार पानं मांडल्यावर त्यातली तीन निळी आहेत हे लांबूनच दिसलं पाहिजे. फक्त लाल आणि हिरवा यांच्या भरवशावर राहू नका, काहींना त्यातला फरक दिसत नाही. वस्तूही मोजता आल्या पाहिजेत. दहा काठ्या झाडीत लपवून ठेवणं हे चित्रकाराचं कौतुक, वाचणाऱ्याची डोकेदुखी.

राजा, राणी, स्वार वगैरे राजघराण्याच्या उरलेल्या १६ पानांत स्मिथबाईही थोड्या कमी पडल्या असं माझं मत. चारही राण्या आणि चारही राजे सिंहासनावर बसलेले. नवशिके इथंच सगळ्यात जास्त अडतात. चार स्वारांत मात्र बघा काय केलंय: तलवारीचा घोडा चौखूर उधळलाय, काठीचा पुढचे पाय उचलून उभा राहिलाय, प्याल्याचा संथ चालतोय आणि नाण्याचा नांगरलेल्या शेतापाशी चक्क उभा आहे. स्वाराचा स्वभाव घोड्यानं सांगितला. तुम्ही राण्यांनाही उठवा. प्याल्याची राणी कुणाचं तरी ऐकून घेताना दाखवा, नाण्याची हिशेबाची वही तपासताना.

शब्दांचा प्रश्न. पानावर अर्थ छापू नका. माणूस शब्द वाचतो आणि चित्राकडे बघणं थांबवतो, हे मी वर्गात इतक्यांदा पाहिलंय की आता वाद घालत नाही. अलिस्टर क्रौली या इंग्रज गूढविद्यावाद्यासाठी लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेल्या थॉथ डेकमध्ये आकडी पानांखाली एकेक शब्द आहे. पाच नाण्यांना 'चिंता', नऊ तलवारींना 'क्रौर्य'. तो डेक विलक्षण आहे, पण नवशिक्याच्या हाती दिला की मुलाखतीला निघालेल्या पोरीला "क्रौर्य आलंय" एवढंच सांगून तो मोकळा होतो. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं असणार की पहिल्या आठवड्यात आधार लागतो. लागतो, मान्य. त्याची सोय शेवटी सांगते.

कामाचा क्रम. भोळ्यापासून सुरू करून ओळीनं जाऊ नका. बहुतेकजण बावीस मोठी पानं झोकात काढतात आणि मग छप्पन्नपुढे दमतात. आधी बारा पानं निवडा, तीही अडचणीची: तीन नाणी, कारण तिथं तीन माणसं आणि देवळाचं बांधकाम एका छोट्या चौकटीत बसवायचंय, दहा नाणी, कारण तीन पिढ्या आणि दोन कुत्रे, नऊ तलवारी, कारण अंधारात अंथरुणावर बसलेलं एकच माणूस, एक एक्का, एक राणी, दोन-तीन मोठी, आणि बाकीची अशीच अडचणीची. ही बारा जमली तर तुमची शैली ७८ पर्यंत टिकेल. दोन दिवसाला एक पान धरलं तर सगळ्याला १५६ दिवस, सुट्या न धरता.

एआयवर काढून घेऊ का असंही हल्ली विचारतात. आठ तलवारी मागितल्या की कधी सात येऊ शकतात, कधी नऊ, आणि बाई प्रत्येक पानात नवी असू शकते. दुरुस्तीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुम्ही काढून मोकळ्या व्हाल.

स्मिथबाईंची रचना आधाराला घ्यायला हरकत आहे का? त्या १९५१ मध्ये वारल्या. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे भारतात २०१२ पासून त्यांची मूळ चित्रं मुक्त आहेत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणून तिथं २०२२ पासून. पण नंतर कुणी नव्यानं रंगवलेल्या आवृत्त्या आणि डेकची व्यापारी नावं ही वेगळी बाब आहे, खोक्यावर काय छापता ते वकिलाला एकदा दाखवा.

छपाई. पहिल्या डेकच्या ३०० प्रती मी काळ्या बारीक चौकटीसह, आर्ट कार्डवर, एकाच बाजूला चकचकीत लॅमिनेशन करून घेतल्या. जुलैत गठ्ठे घरी आले आणि आठवड्यात पानं पापडासारखी वळली. लॅमिनेशन नसलेली बाजू दमट हवेतलं पाणी पिते, कागद फुगतो, दुसरी बाजू हलत नाही, म्हणून पान वाकतं. दोन्ही बाजूंना मॅट करा. चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात, आणि ट्यूबलाइटखाली चित्राऐवजी ट्यूबच दिसते. बारीक चौकट तर नकोच. कटिंगमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, आणि तीन मिलिमीटरच्या चौकटीत तो एक मिलिमीटर ठळक दिसतो. शिवाय काळी कड दहा वेळा पिसल्यावर पांढरी पडते. एकतर जाड फिकट चौकट ठेवा किंवा चित्र कडेपर्यंत न्या. कागदाला पत्त्यांसाठीचा खास बोर्ड मिळत असेल तर तो घ्या. नाहीच तर ३०० ते ३५० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन). त्याहून जाड घेतलात तर ७८ पानांचा गठ्ठा लहान हातात मावत नाही आणि पिसता येत नाही.

पाठीचं डिझाइन वरून-खालून सारखंच दिसेल असं काढा. नवशिक्यांनी उलट्या आलेल्या पानाचा वेगळा अर्थ लावू नये असं मी सांगते, पण पिसताना ती उलटी होतातच, आणि पाठीवरून आधीच कळलं तर हात आपसूक सोयीचं पान उचलतो. देवनागरी नाव चित्रावर पांढऱ्यात काढू नका. चार रंगांच्या छपाईत जरा सरकलं की 'प्र'चा तिरका पाय आणि वेलांट्या भरून जातात. फिक्या पट्टीवर गडद एकरंगी अक्षर, मुक्त किंवा बलूसारखा मोकळा फॉन्ट, बास.

पहिली आवृत्ती डिजिटलवर पन्नासच प्रतींची करा. १३ बाय १९ इंची शीटवर ७० बाय १२० चं पान, चारही बाजूंना ३ मिलिमीटर कापसूट, म्हणजे कापण्यात जाणारी जास्तीची कड, धरून, बारा बसतात. सात शीट लागतात, म्हणजे ८४ जागा. सहा जास्तीच्या फुकट मिळतात, आणि तुमच्या मैत्रिणीचा आधार इथं बसतो. चार पानांवर चार रंगांचे शब्द छापा, प्रत्येक रंगातल्या चौदा पानांना एकेक. पाचव्यावर बावीस मोठ्या पानांचे. शिकणारी ती शेजारी ठेवेल, महिन्याभरात ती आपोआप खोक्यात राहू लागतील. सहावं पान कोरं सोडा, फक्त पाठ छापलेलं. कुणाचं ना कुणाचं एक पान एसटीत राहतंच.